स्ट्रोबची खरेदी : पाण्याचा कायदा आणि बाजाराचा दर

तारकर्लीला स्कूबा शिकून, पुढे नेत्राणी आणि हॅवलॉकच्या पाण्यात दोन-चार हंगाम बुड्या मारून, ज्या हौशी माणसाने अखेर पाण्याखाली चालणारा छोटा कॅमेरा पदरात पाडून घेतलेला असतो, त्याला आपली सर्व छायाचित्रे निळ्या-हिरव्या रंगात बुचकळून काढल्यासारखी का दिसतात हा प्रश्न लवकरच छळू लागतो, आणि कोणीतरी अनुभवी गृहस्थ ‘स्ट्रोब घ्या’, म्हणजे पाण्याखाली चालणारा वेगळा फ्लॅश घ्या, असा सल्ला देऊन मोकळा होतो. सल्ला योग्यच असतो. परंतु बाजारात एका स्ट्रोबची किंमत दुसऱ्याच्या तिप्पट-चौपट असते, आणि या तफावतीचा अर्थ लावताना माणूस ज्या ऐकीव समजुतींचा आधार घेतो, त्यांपायी नको तेथे पैसा ओतला जातो आणि हवा तेथे हात आखडला जातो.

यांतली सर्वांत रुजलेली समजूत अशी, की स्ट्रोब जितका जबर, तितका दूरचा मासा स्वच्छ आणि सुरंगी येणार. जमिनीवर हे बऱ्याच अंशी खरे आहे. पाण्यात मात्र निराळ्याच कायद्याचा अंमल चालतो. पाणी प्रकाशातील तांबडा भाग सर्वांत आधी शोषून घेते. पाच-सहा मीटर खोलीवरच सूर्यप्रकाशातील लालीचा मोठा हिस्सा लोपलेला असतो, त्यामागून नारिंगी आणि मग पिवळा यांची पाळी येते, आणि ही वसुली वरून उतरणाऱ्या उन्हाकडून जितक्या कठोरपणे होते तितक्याच कठोरपणे आडव्या जाणाऱ्या प्रत्येक किरणाकडूनही होते. तीन मीटरांवरच्या माशावर स्ट्रोब उडवला, म्हणजे त्याचा प्रकाश तीन मीटर जाऊन आणि तीन मीटर परत येऊन, एकंदर सहा मीटर पाणी ओलांडून भिंगात शिरतो, आणि तेवढ्या प्रवासात त्याची लाली गळून पडते. आता स्ट्रोबची शक्ती चौपट केली, तर तांबडा चौपट होईल आणि निळाही चौपट होईल. त्या दोहोंचे परस्परांशी असलेले प्रमाण तसूभरही हलणार नाही, आणि रंग बिघडतो तो नेमका त्या प्रमाणामुळे. म्हणून एक मीटर, फार तर दीड मीटर, ही स्ट्रोबच्या उपयुक्त प्रकाशाची सरहद्द समजावी, मग त्याची किंमत काहीही असो.

शक्तीचे माप म्हणून जाहिरातीत जो गाइड नंबर मिरवतो, त्याकडेही याच दृष्टीने पाहावे. इनॉन एस-२००० या लहानशा स्ट्रोबचा हा अंक २० आहे, सी अँड सी वायएस-डी२ चा ३२. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चतुर्थांश उरतो, या नियमाने ३२ अंकाचा स्ट्रोब २० अंकाच्या स्ट्रोबपेक्षा सुमारे अडीच पट प्रकाश देतो. पण त्या अडीच पट प्रकाशाने पदरात काय पडते, तर जेथे एक मीटर गाठता येत होता तेथे कागदोपत्री १.६ मीटर, आणि प्रत्यक्षात, पाण्याचे शोषण वजा जाता, त्याहूनही कमी. शिवाय हा अंक हवेत मोजलेला असतो. पाण्यात तो निम्मा धरावा. तरीही लहान स्ट्रोबच्या विसाचे निम्मे, म्हणजे दहा, धरून त्याला अर्ध्या मीटरावरच्या विषयाच्या अंतराने भागले, तर आयएसओ १०० ला एफ २० इतके छिद्र लहान करण्याची मुभा मिळते, आणि खडकावरची समुद्री गोगलगाय टिपणाऱ्याला याहून अधिक प्रकाशाची गरज क्वचितच भासते. मोठ्या स्ट्रोबचे खरे मोल सूर्याच्या उजेडावर मात करून विस्तीर्ण प्रवाळदृश्य उजळण्यात आणि दोन चमकांमधला वेळ कमी करण्यात आहे. ज्याला ते काम करावयाचेच नाही, त्याने त्याची किंमत का मोजावी, हे मला कधी उमगलेले नाही.

कॅमेऱ्याच्या अंगचाच फ्लॅश पुरे, असे मानणारा दुसरा पक्ष आहे. भर पावसाळ्यात आंबोलीच्या घाटात, धुक्यात गाडीचे मोठे दिवे लावल्यावर रस्त्याऐवजी डोळ्यांसमोर पांढरी भिंतच उभी राहते, तोच प्रकार येथे घडतो : भिंगालगतचा फ्लॅश भिंग आणि मासा यांच्यामधल्या पाण्यातले कण समोरून उजळतो, आणि छायाचित्रावर बर्फ पडल्यासारखे पांढरे ठिपके उमटतात. मालवणच्या पाण्यात तर कित्येक दिवशी दोन-तीन वावांपलीकडे काही दिसत नाही, इतका गाळ आणि सूक्ष्म जीव त्यात तरंगत असतात. यावर शक्ती वाढवणे हा उपाय नसून उलट अपाय आहे. उपाय स्थानाचा आहे. स्ट्रोब आर्मवर चढवून भिंगापासून बाजूला न्यावा, भिंगाच्या किंचित मागे ठेवावा, आणि माशाच्या नाकावर रोखण्याऐवजी थोडा बाहेरच्या अंगाला वळवावा, म्हणजे प्रकाशझोताची केवळ कड विषयाला स्पर्श करते आणि मधले पाणी अंधारात राहते. हे साधणारे आर्म आणि क्लॅम्प ज्याने पैसे वाचवण्यासाठी गाळले, त्याने स्ट्रोबच गाळला असता तरी फारसे बिघडले नसते.

टॉर्च आणि स्ट्रोब एकच, हा समज थोडक्यात निकालात काढता येतो. दोन हजार ल्युमेनचा दिवा सेकंदभरात जितका प्रकाश टाकतो, त्याचा केवळ १२५वा हिस्सा १/१२५ सेकंदाच्या उघडझापीत कॅमेऱ्याच्या वाट्याला येतो. स्ट्रोब आपला सारा साठा त्याच क्षणार्धात, तोही कितीतरी पट, रिता करतो. चलचित्रासाठी मात्र दिवाच हवा. भिंगापुढे लाल फिल्टर लावून भागेल, असे मानणाऱ्यानेही ध्यानी घ्यावे, की तो नाहीसा झालेला लाल निर्माण करत नाही, उरलेला निळा अडवतो. आणि तो स्ट्रोबबरोबर लावणे म्हणजे विकत घेतलेला प्रकाश दारातच परत पाठवणे होय.

स्वयंचलित टीटीएल, म्हणजे भिंगातून आलेला प्रकाश मोजून कॅमेऱ्याने स्ट्रोबला हुकूम सोडण्याची व्यवस्था, ही स्ट्रोबची शक्ती कमी-जास्त करणाऱ्या, हाती फिरवण्याच्या चकतीपेक्षा श्रेष्ठ असते असे विक्रेते आवर्जून सांगतात. ज्यांच्या कॅमेऱ्यात पूर्ण हस्तनियंत्रणच नाही, आणि टीजी-६, टीजी-७ हे लोकप्रिय कॅमेरे त्यांतलेच, त्यांना ती सोयीची खरी. परंतु चौकटीत लहानसा मासा आणि मागे अथांग निळे पाणी असले, की ही व्यवस्था काळोख पाहून बुजते आणि मासा पांढरा करून टाकते; पांढऱ्या वाळूपुढे ती उलट चूक करते. डिजिटल कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्र तत्काळ दिसत असता, चकती एक घर मागेपुढे करणे हे त्यापेक्षा खात्रीचे काम आहे. म्हणून ज्या स्वस्त स्ट्रोबला ही चकतीच नाही तो टाळावा. आणि कॅमेरा मुख्य चमकेआधी जी पूर्वचमक सोडतो, तिला दाद न देण्याची किंवा तिची हुबेहूब नक्कल करण्याची तजवीज स्ट्रोबमध्ये आहे किंवा कसे, हे रोख रक्कम मोजण्यापूर्वी विचारावे, कारण ती नसल्यास स्ट्रोब पूर्वचमकेलाच उडून मोकळा होतो आणि चित्र काळे येते. कॅमेऱ्याच्या चमकेचा इशारा स्ट्रोबपर्यंत वाहून नेणाऱ्या फायबर ऑप्टिक तारेसाठी मात्र बड्या नावाची गरज नाही; संगीतयंत्राला जोडण्याची ऑप्टिकल ऑडिओ केबल योग्य मापाने कापून अनेक डायव्हर ती खुशाल वापरतात.

सुरुवातीलाच दोन स्ट्रोब हवेत हाही असाच एक बडेजाव. एका स्ट्रोबने पडणारी सावली वस्तूला घडण आणि खोली देते, आणि जवळच्या विषयाला तो प्रकाश पसरवणाऱ्या डिफ्यूझरसह पुरतो. चमकेने मासे आंधळे होतात, या भीतीची तपासणी शास्त्रज्ञांनी केली असून, ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात समुद्रघोड्यांच्या डोळ्यांना तशी इजा आढळली नाही, चांगल्या चित्रासाठी त्या जीवांना बोटांनी ढोसण्या-हलवण्याचा ताण मात्र त्यांना अधिक जाणवल्याचे दिसले. १९८७ पासून सागरी अभयारण्य असलेल्या मालवणच्या पाण्यात तर हे ध्यानी ठेवलेलेच बरे.

उरला किरकोळ वाटणारा जमाखर्च. साधे अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचे आणि पुन्हा भरता येणारे निकेल-मेटल हायड्राइड १.२ व्होल्टचे, तेव्हा पहिलेच जोरकस, असा हिशेब अनेकजण मांडतात. परंतु दुसऱ्यांचा अंतर्गत रोध कमी असल्याने ते स्ट्रोबला वीज झपाट्याने पुरवतात, आणि पुढच्या चमकेसाठी ताटकळावे लागत नाही. ओ-रिंगवर ग्रीस जितके अधिक तितके पाणी कमी शिरते, हाही भ्रमच : पाणी अडवते ते रबर, ग्रीस केवळ त्याला कोरडे पडू न देता नीट बसवते, आणि जाड थरात वाळूचा कण किंवा केस हटकून चिकटतो. बोटावर मटारच्या दाण्याहूनही कमी घेऊन, रिंग फिरवत, तिला नुसती चकाकी येईल इतकेच लावावे. जुना स्ट्रोब स्वस्तात मिळत असेल तर अवश्य पाहावा, मात्र सौदा ठरवण्याआधी सेलच्या कप्प्याचे झाकण उघडून आतल्या धातूच्या पट्ट्या उजेडात धराव्यात. त्यांवर हिरवट-पांढरी पुटे असतील, तर त्यात समुद्राचे पाणी एकदा शिरून गेले आहे असे समजावे, आणि विक्रेत्याने दर कितीही उतरवला तरी तो स्ट्रोब त्याच्याकडेच राहू द्यावा.