वाळवण आणि कपाट एकाच दिवशी काढा!

जीआय मानांकनाची आमची भिवापुरी मिरची वाळवायची तर खाली अंथरायला जुनं सुती लुगडं लागतंच. मग त्याच दिवशी कपाटही उपसून घ्यावं, असं माझं मत.

कापड सुती की पॉलिस्टर कळत नसेल तर कडेचा धागा काढून जाळा. सुती धागा कागदासारखा जळून मऊ राख होते, पॉलिस्टर वितळून कडक मणी बनतो. सुती सगळं गोधडीला. आतल्या थरात विटलेलंही खपतं. सिंथेटिक साडी टाके घालताना सरकते, ती बोहारणीला द्या. घासाघीस करा, पण तिलाही दोन पैसे सुटू द्या की!

कलाकुसरीचा पसारा मात्र महाचिवट. 'कधीतरी लागेल' म्हणून ठेवलेल्या प्रत्येक रिळाचा दोरा ओढून बघा. तटकन तुटला तर फेका, मशीनवर तो रडवणारच. सैल इलॅस्टिक आणि दगड झालेला फेविकॉल यांची माया नको. खरी लोकर धुऊन, पूर्ण वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, नाहीतर कसर लागते.

रेशमी साडीची घडी अधूनमधून बदला, एकाच रेषेवर ती चिरते. आणि जुन्या खऱ्या जरीत चांदी असते, तेव्हा तसला पदर बोहारणीच्या गाठोड्यात जाण्याआधी सराफाला दाखवा.