रेपो वाढला, हप्ता चढला

मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने उसनं देते तो दर, ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला. ३० लाखांचं गृहकर्ज ७ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता साधारण २३,२६० रुपये. रेपोबरोबर कर्जाचंही व्याज चढून तेच ९.५ टक्के झालं, की पहिल्या महिन्याचं नुसतं व्याजच २३,७५०! मग नवी गाडी लांबणीवर पडते. मागणी ओसरावी, भाव थंडावेत, हाच तर बँकेचा हेतू.

गंमत म्हणजे २०२३-२४च्या अर्थसंकल्पात केंद्राने रस्ते, रेल्वे अशा भांडवली खर्चासाठी १० लाख कोटी ठेवले. एकाचा पाय ब्रेकवर, दुसऱ्याचा अ‍ॅक्सिलरेटरवर.

टोमॅटोपुढे मात्र रेपोचं काही चालत नाही. जुलै २०२३मध्ये त्याने किलोमागे शंभरी ओलांडली, किरकोळ महागाई ७.४४ टक्क्यांवर गेली. तरी ऑगस्टच्या बैठकीत बँकेने दर जागचा हलवला नाही.