जलशाची वाटचाल : डफापासून गिटारपर्यंत

‘जलसा’ हा शब्द आपल्या वसतिगृहातील मुलामुलींना आज काहीसा अनोळखी झाला आहे. जयंतीच्या दिवसांत बुलढाणा, चिखली, मेहकरच्या रस्त्यांवर ती भीमगीते ऐकतात, त्यांवर ठेका धरतात. परंतु ही गीते ज्या परंपरेच्या कुशीत जन्मली, तिचा इतिहास त्यांना ठाऊक असतोच असे नाही. तो थोडक्यात मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना केली. हा विचार खेड्यापाड्यांत नेताना पुढील कार्यकर्त्यांनी तमाशाचा आधार घेतला. गण, गवळण, बतावणी आणि वग ही तमाशाची चौकट निरक्षर माणसालाही पाठ होती. ती चौकट ठेवून आशय बदलला, की ऐकणाऱ्याला विचार परका वाटत नसे. सत्यशोधक जलशाच्या यशाचे मर्म यातच आहे.

महाडचा १९२७ चा सत्याग्रह आणि नाशिकचा १९३० चा काळाराम मंदिर सत्याग्रह या लढ्यांच्या काळात आंबेडकरी जलसे उभे राहिले. भीमराव कर्डक हे त्यांचे अग्रणी. ढोलकी, डफ, तुणतुणे आणि झांज एवढ्या सामग्रीवर कलापथके गावोगाव फिरत. मृत जनावरे ओढू नका, मुलांना शाळेत घाला, हा बाबासाहेबांचा संदेश सवाल-जवाबांतून आणि विनोदी प्रवेशांतून वस्तीपर्यंत पोहोचे. वृत्तपत्र वाचता न येणाऱ्या समाजाचे ते बोलते वृत्तपत्र होते. कर्डकांनी १९७८ मध्ये ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, म्हणूनच या इतिहासाचा मोठा भाग आज हाती लागतो.

१४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर जलशाची जागा हळूहळू गायन पार्ट्यांनी घेतली. पेटी-तबला आला, कव्वालीचा ढंग आला, दोन पार्ट्यांचे सामने रात्रभर रंगू लागले. या पर्वाचे महाकवी वामनदादा कर्डक. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचा हा माणूस तरुणपणी निरक्षर होता. कोणी पत्र वाचून मागितले आणि ते वाचता आले नाही, याची बोच घेऊन त्यांनी अक्षरओळख करून घेतली. १९४३ पासून त्यांनी गीतरचना केली ती २००४ मध्ये निधन होईपर्यंत. आमच्या विद्यार्थ्यांनी वामनदादांची गीते गावीत, तशी ही हकीकतही ध्यानी ठेवावी.

पुढे प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्या आवाजाने आणि कॅसेटच्या प्रसाराने हे गीत घराघरांत गेले. आता तरुण पिढी गिटार, ड्रम आणि रॅप घेऊन उभी आहे. याचे बोलके उदाहरण चेन्नईत सापडते. दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने जानेवारी २०१८ मध्ये ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ हा वाद्यवृंद रंगमंचावर आला. उत्तर चेन्नईच्या वस्त्यांतील ‘गाना’ हे लोकगीत आणि रॉक यांचा त्यांनी मेळ घातला. त्यांच्या नावामागे बौद्ध विचारवंत पंडित अयोथीदास यांची ‘जातिविहीन तमिळ’ ही संकल्पना आहे. आपल्या जलशात स्त्रीभूमिका पुरुष करीत; या वृंदातील गायिका इसैवाणी हिचा २०२० मध्ये बीबीसीच्या जगातील शंभर स्त्रियांच्या यादीत समावेश झाला. परंपरा पुढे जाते ती अशी.

गिटार आले म्हणून जलसा बाटला, असे काही ज्येष्ठ म्हणतात. आम्हांस ते पटत नाही. ज्यांनी तमाशाची चौकट घेतली, कव्वालीची चाल घेतली, त्यांच्या वारसांना वाद्याचे सोवळे शोभत नाही. कसोटी वेगळी आहे. शब्द ऐकू येतात काय? ऐकणारा काही विचार घेऊन घरी जातो काय? आणि गीत कोणी लिहिले, हे गाणाऱ्यास माहीत आहे काय? डी.जे.च्या भिंतीपुढे या तिन्ही प्रश्नांची उत्तरे बहुधा नकारार्थी येतात, हे दुःख आहे. वाद्यांचा दोष त्यात नाही. शब्दांना दुय्यम मानणाऱ्या आपल्या सवयीचा आहे.

याहून मोठी हानी विस्मरणाची आहे. कर्डकांचा ग्रंथ झाला, वामनदादांची गीते छापली गेली. परंतु गावच्या पार्टीत आयुष्यभर गाणाऱ्या, दिवसा मजुरी आणि रात्री प्रबोधन करणाऱ्या शाहिरांची वही त्यांच्याबरोबरच संपते. म्हणून विद्यार्थ्यांना आमचे सांगणे आहे : येत्या सुटीत घरी जाल, तेव्हा आजी-आजोबांजवळ बसा. त्यांना आठवणारे एक गीत उतरवून घ्या. त्याखाली कवीचे नाव, गायकाचे नाव आणि गावाचे नाव लिहा. मग हवी ती चाल लावा, हवे ते वाद्य घ्या. नाव मात्र पुसू देऊ नका.

जयभीम. नमो बुद्धाय.