मशाल कोण धरणार?

बेंगळुरूत कोरमंगला, इंदिरानगर भागांतल्या बोर्ड गेम कॅफेंमध्ये सुट्टीच्या दिवशी चारपाच जण एका टेबलाभोवती तासन्‌तास बसलेले दिसतात. एक जण गोष्टीचा सूत्रधार, बाकीचे तिच्यातली पात्रं. नशिबाचा कौल फासे देतात. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा या घराण्याचा मूळपुरुष. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो १९७४ साली आणला. कोणी योद्धा होतो, कोणी मांत्रिक, आणि मंडळी भुयारात उतरतात. योद्ध्याच्या एका हातात तलवार असते, दुसऱ्यात ढाल. मग मशाल कोण धरणार? सापडलेला खजिना वर कोण वाहून आणणार?

सुरुवातीच्या नियमांना हा प्रश्न ठाऊक होता, म्हणून माणसं पगारी ठेवण्याची तपशीलवार सोय त्यांत होती. १९७९च्या नियमपुस्तकात हमालाचा आणि मशालजीचा रोज चांदीचं एक नाणं होता. पात्राची सहा अंगं तीन फाशांवर ठरत. त्यांतलं एक म्हणजे लोकांवर पडणारी छाप. १९८१च्या आवृत्तीत ही छाप तीन असेल तर एकच अनुयायी मिळे, अठरा असेल तर सात. भाडोत्री सैनिक भुयारात उतरायला तयारच नसत. उतरणारा अनुयायी वेगळा: त्याच्याशी बोलणी करायची, काय देणार ते सांगायचं आणि दोन फासे टाकून त्याचं उत्तर ऐकायचं.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो निष्ठेचा आकडा. हाही छापेवरच ठरे, चारपासून दहापर्यंत. मोहीम संपली की दोन फासे टाकायचे. बेरीज त्या आकड्याच्या वर गेली तर माणूस पुन्हा तुमच्याबरोबर येत नाही. ठरल्यापेक्षा मोठ्या संकटात त्याला ढकललंत तर परीक्षा तिथल्या तिथे. वागणूक चांगली असेल तर सूत्रधार आकडा वाढवी, वाईट असेल तर घटवी. मागच्या सफरीत जखमी हमालाला मागे टाकून आलात, तर त्याचा हिशेब पुढच्या सफरीत होई.

पुढे पात्रंच एवढी बलवान झाली की मदतनीस अडगळ वाटू लागले. शिवाय प्रत्येक जादा माणसामागे लढाईचा डाव लांबतो, ही अडचण खरीच आहे. २०१४च्या पुस्तकात अकुशल माणसाला दिवसाला चांदीची दोन नाणी, कुशल माणसाला सोन्याची दोन, आणि चार ओळींचा खुलासा, एवढंच उरलं. हे मला मोठं नुकसान वाटतं, कारण मदतनीस गेले आणि त्यांच्याबरोबर मोहिमेचा खर्च, भूक, ओझं हे सारंच गोष्टीतून गेलं.

मराठी खेळाडूला तर यासाठी परक्या पुस्तकाकडे बघायचीही गरज नाही. सभासदाने १६९७मध्ये लिहिलेल्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची रचना दिली आहे: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि त्याच पंचविसांमागे एक पखाली, एक नालबंद. पाणी वाहणारा आणि घोड्याला नाल ठोकणारा हे दोघे लढणाऱ्यांच्या हिशेबातच धरलेले आहेत. बारगिराला घोडा सरकारी, शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येणारा. खेळात हा फरक फार कामाचा आहे. शिलेदाराचा घोडा मेला तर त्याची पोटापाण्याची पुंजीच गेली. मोहिमेआधी नालबंदीची आगाऊ रक्कम मिळाल्याशिवाय तो घोड्यावर मांड का टाकेल?

आणि खुद्द बेंगळुरूच्या दारातली मोहीम घ्या. कृष्णराजेंद्र मार्केटजवळ किल्ल्याचा उरलेला भाग आहे. २१ मार्च १७९१ रोजी इंग्रज ज्या खिंडारातून आत शिरले, ते दाखवणारी पाटी तिथे लावलेली आहे. किल्ला घेऊन मे महिन्यात इंग्रजांचा सेनापती कॉर्नवॉलिस टिपू सुलतानाच्या श्रीरंगपट्टणवर निघाला. टिपूने वाटेतला चारा आधीच नाहीसा केला होता. तोफा ओढणारे बैल पटापट मेले, तांदूळ संपत आला, आणि लढाई जिंकूनही कॉर्नवॉलिसला वेढ्याच्या अवजड तोफा स्वतःच नष्ट करून माघारी फिरावं लागलं. परतीच्या वाटेवर, मेच्या अखेरीस, त्या युद्धात इंग्रजांच्या बाजूने असलेल्या मराठ्यांचे सरदार हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा भेटल्या. त्यांच्या छावणीचा बाजार पाहून इंग्रज थक्क झाले. धान्य तर होतंच, शिवाय विलायती बनात, बर्मिंगहॅमचे चाकू, काश्मिरी शालीही होत्या. भाव चढे होते, पण उपाशी फौजेला अन्न मिळालं. पुढच्या मोहिमेला कॉर्नवॉलिसने वंजाऱ्यांचे बैलांचे तांडे धान्य वाहण्यासाठी मुद्दाम हाताशी धरले.

यात खेळाचा एक अख्खा डाव तयार आहे. चार खेळाडू परशुरामभाऊंच्या फौजेतले शिलेदार. त्यांना श्रीरंगपट्टणजवळच्या मेलुकोटेच्या बाजूने बेंगळुरूपर्यंत धान्य पोचवायचं आहे. तांड्याच्या नायकाशी भाडं ठरवा. तो निम्मी रक्कम आधी मागेल, आणि टिपूचे स्वार दिसले तर बैल सोडून देण्याची मुभाही. पखाली किती, मशालजी किती, पाऊस लागला तर कोणाला रजा, हे कागदावर मांडा. प्रत्येक माणसाला नाव आणि गाव द्या, शेजारी निष्ठेचा आकडा लिहा. पहिल्या नदीच्या उतारावर एक बैल वाहून गेला की भरपाई कोण देणार, हे फासे टाकण्याआधी खेळाडूंनीच आपसात ठरवायचं.