बिनअंड्याचा चॉकलेट केक

वाढदिवस असो वा नाताळ, केक कापला की तो जमलेल्या प्रत्येकाच्या हातावर पडावा, अशी अपेक्षा असते. परंतु जी व्यक्ती अंडे वर्ज्य मानते, तिला अशा वेळी आनंदात सहभागी होऊनही घास बाजूला ठेवावा लागतो. म्हणूनच आपल्या देशात बिनअंड्याच्या केकला घरांत तसेच बेकऱ्यांत मागणी असते. मात्र नेहमीच्या कृतीतून अंडे नुसते वगळले, तर केक बसका होतो आणि कापताना त्याचा चुरा पडतो. असे का होते?

केकमध्ये अंडे तीन प्रमुख कामे करते. फेटलेल्या अंड्यात हवा कोंडली जाते व तिच्यामुळे केक फुगतो. अंड्यातील प्रथिने उष्णतेने घट्ट होऊन केकला आधार देतात. बलकातील द्रव्ये तेल व पाणी एकजीव करतात. अंडे नसेल, तेव्हा ही कामे इतर पदार्थांकडे सोपवावी लागतात. फुगवण्याचे काम खाण्याचा सोडा करतो. त्याचा आम्लाशी संयोग झाला की कार्बन डायऑक्साइड वायूचे बुडबुडे तयार होतात. आधार देण्याचे काम मैद्यातील ग्लुटेन आणि शिजलेले पिष्ट करतात. मैदा व कोको यांची बारीक पूड तेल आणि पाणी धरून ठेवते.

२० सेंटिमीटर व्यासाच्या भांड्यासाठी १८० ग्रॅम मैदा, ३० ग्रॅम बिनसाखरेची कोको पूड, १८० ग्रॅम पिठीसाखर, १ लहान चमचा खाण्याचा सोडा आणि अर्धा लहान चमचा मीठ एकत्र चाळून घ्यावे. त्यात २४० मिलिलिटर पाणी व ८० मिलिलिटर तेल घालावे. शेवटी १ मोठा चमचा व्हिनेगर घालून मिश्रण हलक्या हाताने कालवावे. फार घोटल्यास ग्लुटेन ताणले जाऊन केक चिवट होतो. व्हिनेगर पडताच वायू सुटू लागतो; म्हणून ओव्हन आधीच १८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून ठेवावा आणि मिश्रण तेलाचा हात लावलेल्या भांड्यात ओतून लगेच भाजण्यास ठेवावे. ३० ते ३५ मिनिटांनी मध्यभागी सुरी खुपसून पाहावी. ती कोरडी निघाली, तर केक तयार झाला असे समजावे. पूर्ण थंड होण्यापूर्वी तो कापू नये.

वरच्या थरासाठी ओला नारळ खवताना करवंटीलगतचा तपकिरी भाग येऊ देऊ नये. १ वाटी खोबरे, अर्धी वाटी साखर व पाव वाटी दूध मंद आचेवर आटवावे. नारळाच्या वड्यांसाठी मिश्रण जितके घट्ट करतात, त्याच्या थोडे अलीकडेच ते उतरवावे. ते निवल्यावर त्यात ५० ग्रॅम मऊ, बिनमिठाचे लोणी फेटून मिसळावे. गरम केकवर हा थर लावल्यास लोणी वितळून ओघळते.

ओल्या खोबऱ्यात जवळजवळ निम्मे पाणी असते. त्यामुळे ते सुक्या खोबऱ्यासारखे टिकत नाही. उन्हाळ्यात बाहेर राहिल्यास काही तासांतच त्याला आंबूस वास येऊ लागतो. म्हणून हा केक शीतकपाटात ठेवावा व दुसऱ्या दिवसापर्यंत संपवावा.

हा केक विकणाऱ्याने आणखी एक जबाबदारी ओळखली पाहिजे. अंडे फेटलेले भांडे किंवा रवी न धुता वापरली, तर चवीत कदाचित फरक जाणवणार नाही. परंतु खाणाऱ्याची मात्र फसवणूक होते. बिनअंड्याचा म्हणून दिलेला केक खरोखरच तसा असला पाहिजे. खाणारा स्वतः ते तपासू शकत नाही. तो करणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवून घास घेतो.