पिकू न देणाऱ्या पेशी

पडद्यावरच्या करड्या ठिपक्यांत एक काळा गोल दिसत होता. डॉक्टरांनी एक खूण त्याच्या या कडेला ठेवली, दुसरी पलीकडच्या कडेला नेली आणि खाली आकडा उमटला: 16 मिलिमीटर. ‘‘उजवीकडचं फॉलिकल छान वाढतंय. परवा परत या.’’ वहिनींनी झोपल्या झोपल्याच विचारलं, ‘‘म्हणजे बीज तयार झालं?’’

‘‘बीज यात दिसत नाही हो. दिसते ती त्याची पाण्याची पिशवी.’’

एडवणहून एसटीने सफाळे, तिथून गाडीने पालघर, असं एक दिवसाआड चाललं होतं. मी सोबतीला. सोनोग्राफीच्या बाकावर बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत जाणाऱ्या असतात, मनोरकडून आलेल्या असतात. नाव-गाव विचारायच्या आधी एकमेकींना विचारतात, ‘‘तुमचा किती झाला?’’ आकडा अडला की बाईचा चेहरा असा उतरतो, की जणू तिच्याच हातून काम बिघडलं. ते बघवेना, म्हणून मी मिळेल ते वाचत गेले, डॉक्टरांना विचारत गेले. जे कळलं ते त्या बाकावरच्या प्रत्येकीला सांगावंसं वाटतं.

आम्ही किनाऱ्यावरची माणसं. अंडी म्हटली की आमच्या डोळ्यांपुढे गाबोळी येते: पातळ पडद्याच्या दोन लांबट पिशव्या आणि आत हजारो दाणे, सगळे एकदम पिकायला आलेले. बहुतेक मासे दर हंगामाला नवी अंडी घडवू शकतात. बाईच्या बीजांडकोशाचा कारभार अगदी उलटा. तिचा सगळा साठा ती स्वतः आईच्या पोटात असतानाच भरून होतो. पाचव्या महिन्याच्या सुमाराला 60 ते 70 लाख बीजं असतात, जन्माच्या वेळी 10 ते 20 लाख उरतात, पाळी सुरू होईपर्यंत 3-4 लाख. त्यांतली बाहेर पडतात ती आयुष्यभरात फार तर 400-500. बाकीची जागच्या जागी विरून जातात, आणि हे गरोदरपणातही थांबत नाही, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतानाही थांबत नाही.

साठ्यातलं एकेक बीज जेमतेम 0.03 मिलिमीटरचं, भोवती चपट्या पेशींचा एकच थर. आत गुणसूत्रांच्या जोड्या लागलेल्या असतात, त्यांनी आपापसांत तुकड्यांची देवाणघेवाण केलेली असते, आणि ऐन विभाजनाच्या मध्यावर सगळं थांबलेलं असतं. कुणाचं तेरा वर्षं, कुणाचं पंचेचाळीस. जोड्या धरून ठेवणारी प्रथिनं जन्माआधीच बांधलेली असतात. वय वाढतं तशी ती सैल पडतात आणि गुणसूत्रांची वाटणी चुकायला लागते. चाळिशीतल्या बाईला डॉक्टर वयाचं बोलतात ते या कारणाने, तिने कुठे हयगय केली म्हणून नव्हे.

साठ्यातून बीज जागं होतं तेव्हापासून ते बाहेर पडेपर्यंत वर्षभराच्या आसपास काळ जातो. त्यातले शेवटचे तीन महिने वाढ जोरात असते. सोनोग्राफीत आपण मोजतो ते अगदी शेवटचे आठ-दहा दिवस. काल जिना चढला, पपई खाल्ली म्हणून आकडा अडला, असं नसतं.

या काळात बीजाभोवतीचा एक थर वाढून कित्येक थर होतात. बीज स्वतः 0.12 मिलिमीटरच्या आसपास जातं आणि त्याच्याभोवती पारदर्शक कवच चढतं. मला सगळ्यात थक्क केलं ते इथे. आजूबाजूच्या पेशी त्या कवचातून बारीक धागे आत घालतात आणि बीजाला थेट भिडतात. बीजाला साखर नीट वापरता येत नाही. या पेशी ती फोडून पायरुव्हेट करून पुरवतात. त्याच वाटेने त्या आणखी एक द्रव्य पाठवतात, चक्रीय जीएमपी. ते पोहोचत असतं तोवर विभाजन पुढे सरकत नाही. म्हणजे ज्या पेशी बीजाला भरवतात, त्याच त्याला वेळेआधी पिकूही देत नाहीत.

बीज या पेशींपासून सोडवलं तर काय होतं, हे पिंकस आणि एन्झमन या संशोधकांनी 1935 मध्ये सशाच्या बीजांवर दाखवलं: ते आपोआप पिकायला लागतं. माणसाच्या बीजासाठी संशोधक रॉबर्ट एडवर्ड्स शस्त्रक्रियेत काढलेल्या बीजांडकोशाचे तुकडे मिळवून वर्षानुवर्षं खटपट करत होते. उंदीर-सशांची बीजं अर्ध्या दिवसात पिकतात, माणसाचं काही केल्या हलेना. शेवटी जास्त वेळ थांबून पाहिल्यावर 1965 च्या सुमाराला उत्तर मिळालं: साधारण 36-37 तास. आजही टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात बीज पिकवणारं इंजेक्शन रात्री दहाला असेल, तर बीजं काढायला परवा सकाळी दहाच्या सुमाराला बोलावतात, ते या हिशोबाने. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात 6 ऑगस्ट 1986 ला याच उपचाराने हर्षा या मुलीचा जन्म झाला. त्यामागे डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांचं जे काम होतं, त्यातही ही वेळ गाठावीच लागली होती.

बाकावर एक प्रश्न हमखास निघतो: इंजेक्शनांनी बीजं लवकर संपतात का? नाही. दर महिन्याला काही फॉलिकल्स एकदम वाढायला निघतात. मेंदूखालच्या ग्रंथीतून येणारं एफएसएच कमी होऊ लागलं, की बहुतेक मागे पडून विरतात आणि कमी एफएसएचवर निभाव लागणारं एकच पुढे जातं. इंजेक्शनं एफएसएच टिकवून धरतात, म्हणून त्या महिन्यात तशीही विरणारी बीजं वाचतात. मूळ साठ्याला हात लागत नाही. हे प्रत्येकीला पहिल्याच दिवशी सांगितलं पाहिजे, इतकी भीती मी त्या बाकावर पाहिली.

वहिनींचं फॉलिकल 20 च्या पुढे गेलं. पुढच्या खेपेला तो काळा गोल आक्रसून वेडावाकडा झाला होता आणि गर्भाशयामागे थोडं पाणी दिसत होतं. फुटलं होतं. मेंदूखालच्या त्याच ग्रंथीतून एलएच या दुसऱ्या संप्रेरकाची लाट आली की धाग्यांवाटे जाणारा तो अटकाव सुटतो, विभाजन पुढे सरकतं, निम्मी गुणसूत्रं एका चिमुकल्या पेशीत बाजूला टाकली जातात. मग बीज पुन्हा थांबतं. दुसरं विभाजन पुरं होतं ते शुक्राणू आत शिरला तरच, आणि त्यासाठी हातात असतात 12 ते 24 तास.

‘‘आता ती रिकामी पिशवी?’’ वहिनींनी विचारलं. ती वाया जात नाही. तिच्या भिंतीतल्या पेशी पिवळ्या पडतात, प्रोजेस्टेरॉन बनवायला लागतात आणि गर्भाशयाचं अस्तर धरून ठेवतात. गर्भ राहिला नाही तर दोन आठवड्यांत त्यांचं काम संपतं आणि पाळी येते. राहिला, तर वार ते काम हाती घेईपर्यंत, म्हणजे पहिले आठ-दहा आठवडे, गर्भाचा भार त्याच पेशींवर असतो.