नॅनो औषधे आणि प्रथिनांचा लेप

संक्रांतीचा हलवा करताना मंद आचेवरच्या तिळांवर थोडा थोडा पाक घालत राहतात. थरावर थर चढतात आणि काटा फुलतो. खाणाऱ्याच्या जिभेला आधी लागते ती साखर. आतला तीळ मागाहून कळतो. रक्तात सोडलेल्या अतिसूक्ष्म औषधकणांचेही असेच होते.

एका मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. कर्करोगावरील लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन हे औषध सुमारे १०० नॅनोमीटरच्या स्निग्ध कणांत भरलेले असते. असे कण शिरेतून आत जाताच रक्तातील प्रथिने त्यांना चिकटू लागतात. रक्तद्रवाच्या एका लिटरमध्ये साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने असतात. प्रथम अल्ब्युमिनसारखी विपुल प्रथिने बसतात. पुढे अधिक घट्ट धरणारी प्रथिने त्यांची जागा घेतात. डब्लिन आणि स्वीडनमधील लुंड येथील शास्त्रज्ञांनी २००७ साली या लेपाला 'प्रोटीन कोरोना' म्हटले. कोरोना म्हणजे मुकुट. २०२० च्या साथीशी त्याचा संबंध नाही.

लेपावर मुक्काम ठरतो

पेशीची गाठ पडते ती या लेपाशी. लेपात प्रतिकारशक्तीची प्रथिने अधिक असतील, तर यकृत व प्लीहेतील भक्षक पेशी कणाला परका समजून गिळतात. मग औषध गाठीपर्यंत पोचणार कसे? म्हणून लायपोसोमल डॉक्सोरुबिसिनच्या कणांवर 'पेग' नावाच्या रसायनाचे आवरण देतात. त्यामुळे प्रथिने कमी चिकटतात व कण रक्तात अधिक काळ टिकतात.

हाच लेप कधी उपयोगीही पडतो. पॅटिसिरान हे औषध एका आनुवंशिक रोगावर दिले जाते. त्यात यकृतात तयार होणारे सदोष प्रथिन मज्जातंतूंत साचते. औषधाच्या कणांवर रक्तातील 'ॲपोलिपोप्रोटीन ई' बसते. यकृताच्या पेशी या प्रथिनाला ओळखतात आणि कण आत घेतात. अमेरिकेत २०१८ साली या औषधास मान्यता मिळाली.

मात्र प्रयोगशाळेतले यश शरीरात टिकेलच असे नाही. ठरावीक पेशींनी ओळखावे म्हणून कणांवर ट्रान्सफेरिन हे प्रथिन जोडले, तरी रक्तद्रवातील इतर प्रथिनांनी ते झाकून टाकल्याचे २०१३ साली डब्लिनमधील प्रयोगांत दिसले. पत्ता लिहिलेल्या पाकिटावर दुसरा कागद चिकटावा, तसे हे झाले.

रुग्णांनी काय लक्षात ठेवावे?

१) साधे व लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन यांत मूळ औषध एकच असले, तरी त्यांची मात्रा व शरीरातील वागणूक वेगळी असते. स्वस्त पडते म्हणून एकाऐवजी दुसरे आणू नये. बिलावरचे व बाटलीवरचे नाव डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ताडून पाहावे.

२) लायपोसोमल औषधाच्या पहिल्या सलाइनच्या वेळी काही रुग्णांचा चेहरा लाल होतो, छाती आवळल्यासारखी वाटते, धाप लागते किंवा पाठ दुखते. कणांना परके समजून प्रतिकारशक्ती खवळणे हे यामागचे एक कारण मानले जाते. 'थोडे सोसू' म्हणून गप्प बसू नये. परिचारिकेला तत्काळ सांगावे. सलाइन थांबवून, उपचार करून, बऱ्याचदा ते पुन्हा सावकाश सुरू करता येते.

३) पूर्वी एखाद्या इंजेक्शनने किंवा सलाइनने त्रास झाला असल्यास तो उपचारापूर्वीच डॉक्टरांच्या कानावर घालावा.